फिरत्या घराचा तळ

१

कोंबडी मेली होती, पण मेल्यासारखी दिसत नव्हती.

मान पंखात घातलेली, डोळे मिटलेले, पोटाखाली पाच अंडी. अंगावर ना ओरखडा, ना रक्ताचा थेंब. बसल्या बसल्या डुलकी लागावी तशी. गीताकाकूंनी तिला हलवलं तेव्हा ती बसल्या आकारातच कलंडली, आणि मग काकूंनी अशी किंकाळी फोडली की खळ्यात पेंढा खाणारे बैलसुद्धा तोंड हलवायचे थांबले.

"मेली गो! माझी चितकबरी मेली!"

नेहा सहा महिन्यांच्या कुणालीला कडेवर घेऊन गाडीच्या दोन पायऱ्या उतरली. पौषातली सकाळ. धुकं असं दाट की समोरचा सिद्धगड अर्धा नाहीसा झालेला. नुसता त्याचा माथा वर, आभाळात कुणी टांगून ठेवल्यासारखा. आठ दिवस झाले तरी नेहा रोज क्षणभर त्याच्याकडे बघत राही. आज ती बघत राहिली नाही. गाडीच्या पोटातली लोखंडी पेटी उघडी होती आणि काकू तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या.

गाडी म्हणजे शाळेची जुनी बस. नेहाच्या नवऱ्याने, प्रज्वलने ती विकत घेतली आणि शेणव्याच्या सुरेंद्र फिटरकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. आत दोन बाक, त्यांचेच रात्री पलंग. एक ओटा, दोन चुलींची शेगडी, परकराएवढं न्हाणीघर. बाकाखाली गॅसच्या टाकीसाठी लोखंडी पेटी. ती उघडायची मात्र बाहेरून. घाटाच्या वळणावर टाकी घसरू नये म्हणून पेटीला चांगला वीतभर उंबरा. उद्या सकाळी कल्याणचं एक कुटुंब हे घर घेऊन चार दिवस फिरायला निघणार होतं. पहिलंच गिऱ्हाईक. त्याआधी आपण राहून बघू, म्हणून प्रज्वल बायको-मुलीसह आठ दिवसांपूर्वी कुंडलिककाकांच्या, म्हणजे सख्ख्या चुलत्यांच्या खळ्यात येऊन थांबला होता.

"कुणी उंदराचं औषध ठेवलं व्हतं का गो आत?" काकूंनी नेहाकडेच बघून विचारलं.

"नाही हो काकू."

"मग फुरसं चावलं असंल," प्रज्वल आतून डोकावत म्हणाला.

नेहा खाली वाकली. औषध खाल्लं असतं तर कोंबडी तडफडली असती, पंख झाडले असते; पाचातलं एक तरी अंडं फुटलं असतं. मुंगूस आलं असतं तर रक्त दिसलं असतं. आणि दिवसा पेटी उघडी असली, तरी रात्री ती तिने स्वतःच्या हाताने लावली होती. टाकीच्या मागे अंधारात कोंबडी बसलीय हे तिला दिसलं नव्हतं, एवढंच. म्हणजे जे काही आलं ते बंद पेटीत आलं, कोंबडीला शिवलंसुद्धा नाही, आणि तिचा जीव घेऊन गेलं.

वाकल्यावर तिच्या नाकाला तो वास लागला. दोन सकाळी लागला होता तोच.

"प्रज्वल, बघ, आत्ता येतोय वास. गॅसचा."

प्रज्वलला आठ दिवसांची सर्दी होती. तरी त्याने नाक ओढून पाहिलं. "अगं, अंडी नासलीत ती. नासक्या अंड्याचा असाच वास असतो."

२

नेहाला घाबरायला कारण लागत नसे, असं प्रज्वलचं म्हणणं. दूध कोमट आहे का हे ती तीनदा मनगटावर थेंब टाकून बघायची. कुणाली, म्हणजे घरातली कुणू, कुशीवर वळायला लागली, त्या दिवसापासून नेहाने तिला बाकावर निजवलं नाही. गाडीच्या खालच्या लाकडी तळावर गोधडी घालून निजवायची. जमिनीवरून कुणी पडत नाही, हा नेहाचा सिद्धांत. आणि रात्रीचा स्वयंपाक झाला की ती नुसतं शेगडीचं बटण बंद करून थांबत नसे. बाहेर जाऊन, पेटी उघडून, टाकीवरचा रेग्युलेटरच काढून बाजूला ठेवी. मगच तिला झोप लागे.

"तरी तुला वास येतो," प्रज्वल म्हणाला. तो हसत होता, पण साबणाचं पाणी मात्र त्याने कालवलं. मनाचा तो चांगलाच होता. टाकीवर रेग्युलेटर खटकन बसवला, बटण फिरवलं, आणि नळीभर, सांध्यांवर, रेग्युलेटरच्या कडेने फेस लावत गेला. "बघ. गळत असलं तर बुडबुडे येतात. आहे एक तरी?"

एकही नव्हता.

"परवा पण केलं होतं हे. तेव्हा पण नव्हता. आता उद्या ती माणसं आली की त्यांच्या कानावर घालू नकोस म्हणजे झालं. त्यांची दोन लहान मुलं आहेत."

शेवटचं वाक्य त्याने धीर द्यायला म्हटलं. नेहा मात्र त्याच वाक्यावर अडकली. आपल्याला नुसता भास होत असेल तर ठीक. आणि नसेल तर? तिने प्रज्वलची पाठ वळल्यावर रेग्युलेटर पुन्हा काढला, पेटीचं झाकण लावलं, आणि सकाळचा चहा काकूंच्या चुलीवर घ्यायचं ठरवलं.

तेवढ्यात धुक्यातून मोटरसायकलचा दिवा आला. सुरेंद्र फिटर; गाडीवर शेवटचा हात फिरवायला. पस्तिशीचा, बोलका, स्वतःच्या कामावर लेकरासारखा जीव असलेला माणूस. त्याने मोटरसायकल बंद करून किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवला. जुडग्याला नायलॉनची दोरी होती आणि दोरीला एक पांढरं, जाड प्लॅस्टिकचं टोपण.

"काय वैनी, काका भेटले वाटेत. कोंबडीचा खून झाला म्हणं!"

"सुरेंद्रभाऊ, हसू नका. पेटीत गॅस साठू शकतो का?"

"शक्यच नाय." तो गाडीच्या खाली बोट दाखवून म्हणाला, "गॅस हवेपेक्षा जड असतो. वर नाय जात, खाली बसतो. म्हणून पेटीच्या तळाला मी दोन भोकं ठेवलीत, आरपार. गळला समजा, तर खालच्या खाली जमिनीवर. आत राहायचा प्रश्नच नाय. पेटीतून नळी आत जाते तिथं बारीकशी फट हाय, पण वारा तिथनं आत येईल, गॅस कशाला?"

"येत होता वारा," नेहा हळूच म्हणाली. "पहिले पाच दिवस. पडद्याची खालची कड हलायची."

"मग!"

"तीन दिवस झाले, हलत नाही."

सुरेंद्र खांदे उडवून बोनेट उघडायला गेला. नेहा उभी राहिली. तीन दिवस तळाची फळी उबदार लागत होती, आणि बरं झालं, कुणूच्या पाठीला गार लागत नाही, म्हणून तिला आनंदच झाला होता.

काकूंच्या चुलीपाशी तिने पातेल्यात पाणी घेतलं आणि चितकबरीची पाचही अंडी एकेक करून आत सोडली. काकू रडता रडता थांबून बघायला लागल्या.

पाचही अंडी तळाशी गेली आणि आडवी झाली.

"ताजी हायेत गो ही," काकू म्हणाल्या. "नासकं अंडं वर येतं."

नेहा पाण्याकडे बघत राहिली. अंडी नासली नव्हती. मग वास कुणाचा होता?

३

कुणूला झोप आली होती. पडवीत गारठा होता, म्हणून प्रज्वल म्हणाला, "आण इकडं. निजवतो मी आत. उबदार आहे." नेहाने दिली. का दिली, हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. बहुधा भित्रेपणाचा शिक्का पुन्हा नको म्हणून.

ती कुंडलिककाकांकडे गेली. काका खळ्याच्या खालच्या वावरात भेंडीला पाणी देत होते. कमी बोलणारा, पण विचारलं तर सरळ उत्तर देणारा माणूस.

"काका, रात्री गाडीपाशी कुणी आलं होतं का?"

"कुणी नाय. कुत्रं भुकलं नाय." काका वाकून फावड्याने माती ओढत होते. "कोंबडीचं घेऊन बसलीस?"

"काहीतरी आलं होतं, काका. दिसत नाही असं."

काकांनी वर बघितलं. हसले नाहीत. त्यांनी नुसतं फावडं खालच्या बाजूला दाखवलं. "न दिसणारं बी दिसतं कधी कधी. त्ये बघ."

नेहाने बघितलं आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले.

ऊन वर आलं होतं. सिद्धगडाचा कडा उजळला होता, वरची हवा लख्ख झाली होती. पण खालच्या भातखाचरांत धुकं अजून होतं. पसरलेलं नव्हतं, साचलेलं होतं. प्रत्येक खाचर बांधाच्या काठापर्यंत धुक्याने भरलेलं, परातीत दूध ओतावं तसं सपाट. आणि एका ठिकाणी, जिथे बांध फुटलेला होता, तिथून ते सांडत होतं. आवाज नाही, घाई नाही. पांढरी धार बांधाच्या फटीतून खालच्या खाचरात उतरत होती आणि त्या खाचराचा तळ धरून पुढे सरकत होती. एक ढेकूळ वाटेत आलं तर त्याला वळसा घालून.

इतकी शांत हालचाल तिने जन्मात पाहिली नव्हती. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

"हवा म्हंजे काय सगळी सारखी नसते गो," काका म्हणाले. "गार हवा जड. पाण्यावाणीच चालते. खालच्या खाचरात मी वाल घेत नाय तो त्याच्यापायीच. थंडी तिथं तुंबून ऱ्हाते, फुलोरा करपतो."

"आणि बांध फुटलेला नसता तर?"

"तर वरचं खाचर भरलेलंच ऱ्हायलं असतं." त्यांनी वाफ्याच्या तोंडाशी गवताची पेंडी टाकली, वर मातीचा गोळा दाबला. पाणी वळलं, थबकलं, आणि वाफा हळूहळू काठोकाठ चढायला लागला. "दारं बांधलं की झालं. दोनच गोष्टी लागतात. वरनं धार चालू पायजे आन् खालचं तोंड बंद पायजे."

धार चालू आणि तोंड बंद.

तोंड: पडद्याची कड तीन दिवस हललेली नाही.

धार? साबणाच्या पाण्याला बुडबुडा नाही. दोनदा पाहिलं. पण वास येतो तो सकाळीच, कुणूला उचलायला वाकल्यावर. चहा झाला की जातो. रोज. चहाच्या आधी मी काय करते?

रेग्युलेटर लावते.

आणि रात्री, सगळ्यात जास्त काळजी घेऊन, मी तो काढते.

 आज सकाळीही काढला होता. दोन तास झाले. प्रज्वल कुणूला तळावर निजवत असणार.

तिने मान वळवली. खळ्याच्या वरच्या अंगाने, सिद्धगडाच्या उजेडात, मालिश करणारी जनाबाई येत होती. एका हातात तेलाची वाटी. दुसऱ्या हातात खापरी, आणि खापरीत लालबुंद निखारे.

४

वाडीवरच्या जनाबाईने या गावातली दोन पिढ्यांची पोरं न्हाऊमाखू घातली होती. प्रज्वलसुद्धा तिच्याच पायांवर मोठा झालेला. न्हाणं झालं की निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकून ती पोराला धुरी द्यायची. मालिश गाडीत होई, न्हाणं आणि धुरी मात्र रोज काकूंच्या पडवीत. पण आज पडवीत गारठा होता, आणि जनाबाई सरळ गाडीच्या पायरीकडे चालली होती.

"जनाबाई!"

अंतर फार होतं. नेहा धावली. चप्पल चिखलात रुतली ती तिथेच राहिली. एक बांध, दुसरा बांध, धसकटं टोचत होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: परातीतल्या दुधासारखं काहीतरी, रंग नसलेलं, बसच्या तळावर सपाट पसरलेलं, आणि त्याच्या मधोमध गोधडी.

जनाबाईने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"थांबा! आत जाऊ नका! आई गं, थांबा!"

जनाबाई थांबली. मागे वळली.

"काय झालं गो पोरी?"

"निखारे... टाकू नका, इथं टाकू नका. तसेच घेऊन मागं जा. वर, पडवीकडं. लांब."

नेहाचा चेहरा दिसला मात्र, सत्तरीची म्हातारी खापरी छातीशी धरून चढावर अक्षरशः पळाली.

गलका ऐकून प्रज्वल ड्रायव्हरच्या जागेवरून उठला. तो काच पुसत होता. "काय झालं? वास? थांब, पंखा लावतो." त्याचा हात बटणाकडे गेला.

"बटण नको! काही लावू नको! फोनला हात लावू नको! बाहेर ये!"

ती आत शिरली. उभ्याने काहीच नाही. हवा नेहमीसारखी, कालच्या फोडणीचा वास. ती गुडघ्यावर आली आणि वासाने तिला तोंडावर थप्पड मारावी तसं झालं. तळावर, गोधडीवर, कुणू कुशीवर निजली होती. मान हातात घातलेली, डोळे मिटलेले. अंगावर ओरखडा नाही.

चितकबरीसारखी.

नेहाने तिला उचललं ते छातीशी आवळूनच. पायऱ्या कशा उतरली, खळं कसं ओलांडलं, तिला आठवत नाही. वरच्या आंब्याखाली उन्हात येऊन तिने कुणूच्या पायाच्या तळव्यावर बोट ओढलं. एकदा. दुसऱ्यांदा.

कुणूने तोंड वाकडं केलं, श्वास घेतला, आणि सगळा सिद्धगड ऐकेल असं भोकाड पसरलं.

नेहाने तिला खांद्यावर घेतलं. "रड," ती म्हणाली. "रड माझे बाई, रड."

५

सुरेंद्रने मोटरसायकल ढकलत लांब नेली. चालू केली नाही. नेहाने पटापट सांगितलं तसं प्रज्वलने दारं-खिडक्या, पेटीचं झाकण सगळं सताड उघडलं. पण जड गोष्ट आपणहून उठून जात नाही. तेव्हा गीताकाकू सूप घेऊन आल्या. पदर कमरेला खोचून त्या दारातून वाकल्या आणि तळावरची हवा सुपाने पाखडून बाहेर लोटायला लागल्या. जोंधळ्यातला कोंडा उडवावा तसं, न दिसणारं काहीतरी त्या गाडीबाहेर काढत होत्या आणि सगळे श्वास धरून बघत होते. सुपापुढे काहीच नव्हतं. तरी प्रत्येकजण सुपाच्या वाटेतून बाजूला सरकला.

प्रज्वल आणि सुरेंद्रने टाकी उचलून खळ्याच्या खालच्या टोकाला, मोकळ्या उन्हात नेऊन उभी केली.

"आता साबणाचं पाणी टाक," नेहा म्हणाली.

"रेग्युलेटर आणतो."

"नको. रेग्युलेटरशिवाय. हेच आपण आजवर केलं नाही."

प्रज्वलने टाकीच्या उघड्या तोंडावर फेसाळ पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग पितळेच्या मध्यावर एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. त्याच्यामागे दुसरा. मग थांबलेच नाहीत. फेसाची एक लहानशी, मऊ टेकडी टाकीच्या तोंडातून उगवत गेली, एकसारखी, मुकाट्याने, जणू आत कुणी झोपेत श्वास घेत होतं.

 कुंडलिककाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आत एक खीळ असते," सुरेंद्र पडेल आवाजात म्हणाला. "रेग्युलेटर काढला की ती वर येऊन तोंड बंद करते. हिची कचऱ्यानं अडकलीय. पुरती बसत नाय."

"आणि रेग्युलेटर बसवला की तो वरून गच्च बसतो, म्हणून गळती थांबते," नेहा म्हणाली. "प्रज्वल तपासायला आधी रेग्युलेटर बसवायचा. म्हणजे भोकावर बोट ठेवून विचारायचं, गळतंय का? आणि मी भीतीपोटी रोज रात्री तो काढत होते. मला वाटायचं मी बंद करतेय. मी उघडत होते." तिने टाकीच्या तोंडाकडे बोट केलं. "तरी अशा वेळी टाकीला टोपण असतं. माझ्या आईकडे टाकी काढली की आई आधी टोपण घट्ट बसवायची. पांढरं, दोरीनं टाकीलाच बांधलेलं. या टाकीला ते मी कधी पाहिलंच नाही. सुरेंद्रभाऊ, तुमच्या किल्ल्या दाखवता?"

सुरेंद्रने खिशात हात घातला, आणि जुडगा बाहेर आला तेव्हा त्याचाच चेहरा उतरला.

"दोरी झाकणात अडकायची," तो म्हणाला. "बसवताना कापली. म्हटलं, रेग्युलेटर तर कायमचाच राहणार... चांगलं टोपण होतं, किल्ल्यांना लावलं." त्याने ते सोडवून टाकीच्या तोंडावर घट्ट बसवलं. फेसाची टेकडी थांबली. एक शेवटचा बुडबुडा कडेला चिकटून राहिला आणि उन्हात सात रंगांचा होऊन विरला.

"पण माझी भोकं?" तो एकदम म्हणाला. "धार चालू होती, कबूल. पण भोकं होती ना! खाली जायला पायजे होता!"

तो पेटीपाशी धावला, आत वाकला आणि तळाशी हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत एक चिंधी होती. जुन्या लुगड्याची, मऊसूत, चौघडी करून गच्च कोंबलेली. मग दुसरी. दोन्हींना खोबरेल तेलाचा वास आणि हळदीचा डाग.

"हे कुणी केलं?" प्रज्वल ओरडला. "कुणी केलं हे? मुद्दाम बोळे घातलेत! माझी पोर मेली असती!"

आंब्याखालून आवाज आला. रिकाम्या हाताची जनाबाई कधी येऊन उभी राहिली होती कुणाला कळलंच नव्हतं.

"ती माझी चिंधी हाय, बाळा."

६

तिने काही लपवलं नाही, डोळेही पुसले नाहीत.

"मालिश करताना पोरीच्या पाठीला खालनं गार वारा लागायचा. नळीच्या फटीतनं. तान्ह्या जीवाला वारा लागला की पोट धरतं, छाती भरते. बाळंतिणीच्या खोलीत मी एक भोक मोकळं ठेवलं नाय कधी. तुझ्या येळेला बी कौलाची फट बुजवली व्हती मी. नळीला हात लावू नका, असं सूनबाईनं सांगितलेलं. म्हणून नळीला नाय लावला. वारा कुठनं येतो ते हुडकलं, पेटीत गावलं, बुजवलं." तिने चिंधीकडे बघितलं. "माझ्या लग्नातल्या लुगड्याची हाय. रखरखीत कापड नगं म्हटलं लेकराच्या बाजूला."

प्रज्वलने सुरेंद्रच्या मुठीतल्या चिंध्या स्वतःच्या हातात घेतल्या.

गीताकाकू सूप टेकवून म्हणाल्या, "मग माझ्या चितकबरीला मारलं तरी कुणी?"

 कुंडलिककाका म्हणाले, "एकीनं वारा बुजवला, एकानं टोपण पळवलं, एकीनं काळजी घेतली, एकानं तपासलं. कुणाकुणाला पोलिसात देशील? आधी त्या कल्याणवाल्यांना फोन करा."

प्रज्वलने वरच्या बांधावर जाऊन फोन केला, आणि गाडी उद्या देता येणार नाही, का, तेही खरं खरं सांगितलं. दुसरा फोन गॅसवाल्यांना. दुपारी माणूस येऊन टाकी घेऊन गेला. सुरेंद्र दोन दिवस तिथेच राहिला. नळीची फट पक्की बंद केली, पेटी आतून घरापासून पूर्ण तोडली, नव्या टाकीचं टोपण दोरीसकट तसंच ठेवलं, आणि प्रज्वलने सांगितलं नसतानाही गाडीच्या तळाला, दारापाशी, जाळी लावलेलं एक भोक आणखी पाडलं. बाकाच्या कडेला कुंडलिककाकांनी सागाची फळी ठोकली, वीतभर उंच, म्हणजे कुणू वर निजली तरी पडणार नाही. चितकबरीची पाच अंडी काकूंनी खुडुक बसलेल्या दुसऱ्या कोंबडीखाली सरकवली.

जनाबाई मात्र आली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी नेहा कुणूला घेऊन वाडीवर गेली. जनाबाई दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. नेहाला बघून तिने शेंगा बाजूला ठेवल्या, पण हात पुढे केले नाहीत.

"दुसरी बाई बघ गो. माझे हात आता भ्याले."

"माझेही भ्याले आहेत," नेहा म्हणाली. "म्हणून तर आले. एकटीनं जमत नाही." आणि तिने कुणूला तिच्या मांडीवर ठेवून दिलं, काही न विचारता. कुणूने म्हातारीचं बोट पकडलं ते सोडलंच नाही.

संध्याकाळी उन्हं कलताना जनाबाई गाडीत आली. निखारे आणले नव्हते; धुरी पडवीतच, तिने स्वतःच सांगितलं. आत येताना तिचं लक्ष दारापाशी गेलं.

"हे आन् काय? अजून एक भोक?"

नेहाने तिचा हात धरला आणि जाळीवर पालथा ठेवला. खालून सिद्धगडाचा वारा येत होता. गार, अखंड, रानाचा वास घेऊन. दोघींना जो पोरीपासून दूर ठेवावासा वाटला होता तोच. जनाबाईचा हात थोडा वेळ तसाच राहिला. बाहेर गडाच्या पायथ्याशी पहिलं धुकं खाचरात उतरत होतं, काठ भरत होतं, जिथे वाट होती तिथून मुकाट्याने पुढे जात होतं.

"सारखा येतो का गो?"

"सारखा."

"मग पोरीला वर निजव."

नेहाने कुणूला फळीच्या आड, बाकावर ठेवलं. वळून बघते तर जनाबाई अजून दारापाशी वाकलेली. जाळीत भाताची एक काडी अडकली होती. म्हातारी ती नखाने, अलगद, ओढून काढत होती.